दुसऱ्या फेरीचा भरवसा

आर्विन लुबेनने ठरवलं होतं, आधी मालकाच्या कोपऱ्यात उभं राहायचं आणि मग मुलीच्या. दोघांचं मन राखायला याहून बरा मार्ग त्याला सुचला नव्हता.

आयोवातल्या त्यांच्या गावात, मार्टेल ग्रोव्हमध्ये, दर चार वर्षांनी ऐन थंडीत पक्षाची कॉकस भरते. अध्यक्षपदासाठी पक्षाने कुणाला उभं करायचं हे तिथे पेटीत चिठ्ठी टाकून ठरत नाही. शाळेच्या बास्केटबॉलच्या हॉलमध्ये उमेदवारागणिक एक कोपरा असतो. ज्याला जो हवा त्याने त्याच्या कोपऱ्यात जाऊन उभं राहायचं, साऱ्या गावादेखत. मग डोकी मोजतात. हजर असलेल्यांपैकी पंधरा टक्के माणसं ज्या कोपऱ्यात नाहीत तो मोडतो आणि दुसरी फेरी होते. आर्विन बावीस वर्षांचा असल्यापासून एकही कॉकस चुकवत नव्हता. दुसऱ्या फेरीत काय गंमत चालते ते त्याला पाठ होतं. माणसं इकडून तिकडे जात, कुणी गोड बोलून ओढून नेई, कुणी केकचा तुकडा दाखवून. एका वर्षी तर तो स्वतः दोनदा कोपरे बदलून पुन्हा मूळ जागी आला होता, आणि पुढे महिनाभर लोकांनी त्याला 'झोका' म्हणून हाक मारली होती.

यंदा मात्र गंमत नव्हती. त्याची मुलगी ब्रेन्ना कॉर्डेलबाईंच्या कोपऱ्याची प्रमुख होती. जिल्ह्याच्या रुग्णालयातला बाळंतपणाचा विभाग बंद पडला तेव्हा ब्रेन्नाची तिथली नर्सची नोकरी गेली, आणि आता गावातल्या बाया पहिल्या कळेला गाडीत बसून तासभर लांबच्या शहराकडे निघत होत्या. असे विभाग पुन्हा उघडीन असं कॉर्डेलबाई एकट्याच ठासून सांगत होत्या. ब्रेन्नाने सगळा हिवाळा दारं ठोठावण्यात घालवला होता.

दुसऱ्या कोपऱ्याचा, गव्हर्नर प्रुइट यांच्या कोपऱ्याचा, प्रमुख होता ड्वेन ओलेसन. गावातलं धान्याचं कोठार ड्वेनचं. आर्विन तिथे तीस वर्षं कामाला. तीन सुगींपूर्वी शिडीवरून पडून आर्विनची पाठ कायमची गेली, तेव्हा ड्वेनने त्याला घरी न बसवता वजनकाट्यावर बसवलं. पगार तोच, विमाही तोच. त्या विम्यातूनच आर्विनच्या बायकोची, डार्लीनची, सांध्यांची इंजेक्शनं होत. ती बंद झाली तर डार्लीनच्या हातात कपसुद्धा ठरणार नाही, हे डॉक्टरने सांगून झालं होतं. सरकारी विमा पासष्टीला मिळतो. आर्विन एकसष्टचा होता.

ड्वेनने त्याच्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. त्या सोमवारी सकाळी मात्र त्याने काट्याच्या खिडकीतून डोकं आत घातलं.

"संध्याकाळी येतोयस ना, आर्व?"

"येतो की."

"माझ्या कोपऱ्यात तुझ्यासाठी खुर्ची ठेवतो. दोन तास उभं राहणं तुझ्या पाठीला झेपायचं नाही."

आर्विन म्हणाला, "बरं." एवढंच. खुर्ची नको असं कोणत्या तोंडाने म्हणणार?

घरी डार्लीन खिडकीपाशी बसली होती. तिला हॉलमधल्या बाकड्यावर दोन तास बसवणार नव्हतं, म्हणून तिचं मत घरीच राहणार होतं. "माझी बहीण बघ," ती म्हणाली. "विस्कॉन्सिनात प्रायमरी असते. पोस्टाने चिठ्ठी पाठवते आणि मोकळी होते. नवऱ्यालाही सांगत नाही कुणाला दिलं ते."

"त्यात काय मजा?"

"मजा तुम्हाला. मला कॉर्डेलबाईंना मत द्यायचं होतं." मग तिने नुसत्या भुवया उंचावून विचारलं, "ड्वेनला सांगितलंस?"

"सांगायचं कशाला? पहिल्या फेरीत त्याच्याकडे बसतो. दुसऱ्या फेरीत पोरीकडे जातो. तोवर कुणाचं कुणाकडे लक्ष नसतं."

"ब्रेन्नाला माहीत आहे हे?"

"तिला म्हटलंय, येतो. येणारच आहे."

केलेल्या वड्यांचा ट्रे, पीनट बटर आणि चॉकलेटच्या, डार्लीनने मनगटांनी त्याच्याकडे सरकवला.

हॉलमध्ये ओल्या बुटांचा आणि कॉफीचा वास भरला होता. आर्विन ट्रे टेबलावर ठेवून वळतो न वळतो तोच ड्वेनने त्याच्या खांद्यावर हात टाकला. "या म्हातारबुवा, सिंहासन तयार आहे!" प्रुइटच्या कोपऱ्यात, अगदी पुढच्या रांगेत, एक घडीची खुर्ची मांडलेली होती. तिच्यावर कुणीतरी उशीसुद्धा ठेवली होती. आर्विन बसला. पलीकडच्या बास्केटखाली ब्रेन्ना कुणा जोडप्याला काहीतरी पटवत होती, तिची पाठ त्याच्याकडे होती. तिसऱ्या कोपऱ्यात कुठल्याशा शहराच्या महापौराची माणसं जमली होती, ती बरीच होती.

सभेच्या अध्यक्ष व्हर्ला पेल्टन, गावच्या शाळेतल्या निवृत्त संगीतशिक्षिका. निम्म्या गावाला त्यांनी सूर शिकवला होता आणि उरलेल्या निम्म्याला गप्प बसायला. त्या माइकवरून नियम वाचू लागल्या. नियम कुणीच ऐकत नाही. आर्विनच्या मागे दोघं सोयाबीनच्या भावावरून हुज्जत घालत होते, ड्वेन पुढून प्रत्येकाशी हात मिळवत होता, आणि आर्विन ब्रेन्नाची नजर वळायची वाट बघत होता.

ती वळली. त्याला त्या कोपऱ्यात बघून तिच्या कपाळाला आठी पडली. तिने हाताने 'ये' अशी खूण केली. आर्विनने तळहात जरासा खाली दाबून दाखवला. थांब, येतो. तिने पुन्हा खूण केली, या वेळी दोन्ही हातांनी. तेवढ्यात ड्वेन मध्ये येऊन उभा राहिला.

"हे घे कार्ड. पुढच्या बाजूला नाव, प्रुइट, सही."

आर्विनने कार्ड उलटून पाहिलं. मागच्या बाजूला छापलं होतं, 'दुसरी पसंती'. त्याला हायसं वाटलं. म्हणजे सगळं पूर्वीसारखंच. त्याने पुढच्या बाजूवर नाव लिहिलं, सही केली. ड्वेनच्या पलीकडून ब्रेन्नाचा आवाज आला, "बाबा!" पण त्या हॉलमध्ये दहाजणी तरी कुणा ना कुणा बाबाला हाका मारत होत्या. व्हर्लाबाईंनी घंटी वाजवली. पहिली फेरी संपली.

मोजणीला वेळ लागला नाही. हॉलमध्ये एकशे बारा माणसं होती, कोपरा टिकायला सतरा हवी होती. प्रुइटकडे चोपन्न. महापौराकडे बेचाळीस.

"कॉर्डेल," व्हर्लाबाईंनी वाचलं, "सोळा."

मागच्या सोयाबीनवाल्यांपैकी एक म्हणाला, "अरेरे, एकाने गेलं पोरीचं."

आर्विनला मात्र बरंच वाटलं. एकच हवा होता, आणि तो एक म्हणजे आपण. त्याने ब्रेन्नाकडे पाहून डोळा मिचकावला, गुडघ्यांवर हात रोवले आणि उठला. ब्रेन्ना त्याच्याकडे बघत होती. तिच्या तोंडावरचा रंग उडाला होता. आर्विनला वाटलं, काळजीने. कॉफीच्या टेबलाला वळसा घालून तो हॉलच्या मध्यावर पोचला, तेव्हा व्हर्लाबाईंचा आवाज आला. माइकमधून.

"आर्विन, तुला नाही हलता येणार."

तो थांबला. "दुसरी फेरी आहे ना?"

"ज्यांचा गट मोडला त्यांच्यासाठी. टिकलेल्या गटातली माणसं जागच्या जागी. नियम बदललाय. मघाशी वाचला मी."

"पण कार्डावर मागे…"

"ते त्या सोळांसाठी." त्या शाळेत बोलत तशाच बोलल्या, स्वच्छ आणि न रागावता. "तू सही केलीस, आर्विन."

एकशे अकरा माणसं त्याच्याकडे बघत होती. अंगात कोट, हातात टोपी, दोन कोपऱ्यांच्या मधोमध तो उभा होता. कुठे निघाला होता हे समजायला कुणाला फार अक्कल लागणार नव्हती. त्याने मागे वळून बघितलं. ड्वेन रिकाम्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभा होता. त्याच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकून गेलं. राग नव्हता तो, कदाचित नुसतं आश्चर्य असेल. मग तो मोठ्याने हसला.

"अहो व्हर्लाबाई, त्याला कशाला अडवताय? मुलीला आपल्याकडे आणायला निघालाय तो! जा आर्व, घेऊन ये तिला. बापाचं ऐकेल ती!"

कोपरा हसला, टाळ्या पडल्या. व्हर्लाबाई म्हणाल्या, "बोलायला जाता येईल. परत मात्र आपल्या जागी."

ड्वेनने त्याला वाचवलं की अडकवलं, हे आर्विनला तेव्हाही कळलं नाही आणि नंतरही नाही. त्या घटकेला तिथून पाऊल उचलता आलं, एवढंच.

ब्रेन्नाभोवती तिची माणसं गोळा झाली होती. त्यात पोटुशी लेक घेऊन आलेली एक बाई होती, शाळेच्या बसचा ड्रायव्हर होता. सगळ्यांनी आर्विनला वाट करून दिली. ते त्याला अधिक लागलं.

"काय बाबा," ब्रेन्ना म्हणाली, "न्यायला आलास मला?"

"तसं नाही गं." त्याने आवाज उतरवला. "मी तुझ्याकडेच यायला निघालो होतो. मला वाटलं दुसऱ्या फेरीत…"

"रविवारी जेवताना सांगितलं होतं मी. मीठदाणी आणि मिरीदाणी मांडून दाखवलं होतं. एकदा गट टिकला की कुलूप."

आर्विनला रविवार आठवला. मीठदाणी आठवली. ती बोलत होती तेव्हा तो डार्लीनच्या ताटातलं मांस कापून देत होता, बारीक, तिला काट्याने उचलता येईल असं. कापता कापता तो हूं म्हणाला होता.

"तू हूं म्हणालास," ब्रेन्ना म्हणाली.

"हो."

"सरळ इथे येऊन उभा का नाही राहिलास?"

ती त्याच्या खांद्यावरून पलीकडे बघत होती, त्या खुर्चीकडे, उशीकडे. मग तिची नजर खाली आली. ती पोरगी मूर्ख नव्हती. आईच्या इंजेक्शनाच्या तारखा तीच लक्षात ठेवी.

"त्यांनी काही म्हटलं होतं का तुला? ड्वेनकाकांनी?"

"नाही गं. एक शब्द नाही. नुसती खुर्ची ठेवली."

"मग आता तरी जाऊन सांग त्यांना, की चुकलं म्हणून. ते म्हणतील, अरे, आधी बोलायचंस."

"म्हणतीलही."

"आणि नाही म्हणाले तर?"

तिचं तिलाच उत्तर ठाऊक होतं, म्हणून तिने पुढे विचारलं नाही. बसचा ड्रायव्हर चुळबुळत म्हणाला, "अजून कुणी मिळेल का? निदान एक?"

"कुठून मिळणार?" ब्रेन्ना म्हणाली. "बाकी सगळे कुलपात आहेत." ती आपल्या माणसांकडे वळली. आवाज कोरडा, नर्सचा. "ज्याला महापौरांकडे जायचं असेल त्याने जा. प्रुइटकडे जायचं त्याने जा. घरी जायचं असेल तर माझ्याकडे कार्ड द्या. सगळ्यांचे आभार."

पोटुशा लेकीची आई म्हणाली, "आणि तू गं?"

"मी खुर्च्या आवरते."

आर्विन परत आला. येताना त्याच्याबरोबर कुणीच नव्हतं. ड्वेनने भुवया उंचावल्या. "नाही ऐकलं?"

"नाही."

"आईवर गेलीय." ड्वेनने त्याच्या पाठीवर हात ठेवला, दुखऱ्या जागेच्या जरा वर. ती जागा त्याला बरोबर माहीत होती. "बस. उभा नको राहूस."

आर्विन बसला. सोळांतले दहा महापौराकडे गेले, दोघं प्रुइटकडे आले, बाकीच्यांनी कोट चढवले. व्हर्लाबाईंनी शेवटचे आकडे वाचले. मग प्रत्येक गटाने जिल्ह्याच्या अधिवेशनाला पाठवायचे आपले प्रतिनिधी निवडायचे, हा नेहमीचा शेवट. नेहमीसारखाच तो कुणाला नको होता. मार्चमधला अख्खा शनिवार जातो आणि जेवण थंड मिळतं. प्रुइटच्या कोपऱ्यात प्रत्येकजण बुटांकडे बघू लागला. चार नावं कशीबशी निघाली. पाचवं अडलं.

"आर्विनला पाठवू या," ड्वेन म्हणाला.

आर्विनने मान वर केली.

"खरंच सांगतो मंडळी. पेटीत चिठ्ठी काय, कुणीही टाकेल. पण सख्ख्या मुलीच्या कोपऱ्यासमोर आपल्या माणसासाठी बसून राहायला छाती लागते. कॉकस म्हणतात ती याला. काय आर्व, जाशील ना? शनिवारी काट्यावर मी बसतो, तुझा पगार चालू."

आर्विनने त्याच्या डोळ्यांत बघितलं. थट्टा आहे का, शिक्षा आहे का, की खरोखरचं प्रेम, हे तिथे शोधायचा त्याने प्रयत्न केला. ड्वेन हसत होता. तीस वर्षं तो असाच हसत आला होता.

"जाईन की," आर्विन म्हणाला.

टाळ्या वाजल्या. महापौराच्या कोपऱ्यातूनही दोघातिघांनी वाजवल्या. व्हर्लाबाईंनी त्याचं नाव लिहून घेतलं आणि माइकवरून वाचलं: गव्हर्नर प्रुइट यांच्यातर्फे, आर्विन लुबेन. ते नाव हॉलभर फिरून बास्केटखालच्या रिकाम्या कोपऱ्यापर्यंत गेलं.

माणसं पांगू लागली. ट्रेमधल्या वड्या संपल्या होत्या, कुणीतरी तो धुऊनही ठेवला होता. ब्रेन्ना रांगेने खुर्च्या मिटत येत होती. एक मिटायची, भिंतीला टेकवायची, पुढची घ्यायची. ती पुढच्या रांगेपाशी आली. तिथे एकच खुर्ची उरली होती.

"बाबा," ती म्हणाली, "ऊठ. ही पण मिटायचीय."

तो उठला. उशी कुणाची ते त्याला माहीत नव्हतं, म्हणून ती हातात घेऊन उभा राहिला.