महादेवी अक्काची साक्ष

महादेवी आजवर कोर्टाची पायरी चढली नव्हती. चढली ती धाकट्या भावासाठी. आई गेली तेव्हा शिवप्पा रांगत होता; महादेवीनंच त्याला कडेवर वाढवलं. लग्न होऊन ती सोलापूरला आली, नवी पेठेतलं नवऱ्याचं कापडाचं दुकान बरं चालू लागलं, तरी शिवप्पानं हाक मारली की ही हातातलं काम टाकून गावाकडं धावायची.

त्यांचं रान अक्कलकोटच्या पुढं, कर्नाटकच्या शिवेला लागून. वडिलांमागं सातबाऱ्यावर दोघांचीही नावं लागली होती, पण महादेवीनं त्या रानाकडं कधी वाटणीच्या नजरेनं बघितलं नाही. शिवप्पाला ते विकून शहरात बस्तान बसवायचं होतं. गिऱ्हाईक घरचंच मिळालं. बिरुदेव धनगर. त्याच्या बापाच्या काळापासून मेंढरं ह्याच रानात बसायला यायची. बिरुदेवानं निम्मा कळप मोडला आणि इसार दिला.

करार झाला त्या दिवशी महादेवी मुद्दाम गावी गेली. हुग्गी, म्हणजे गव्हाची गोड खीर, रांधली, स्वतः पंगतीत वाढलं. बिरुदेवाची बायको राजाबाई जाताना पाया पडली. "अक्का, तुमच्या रानाची आबाळ हू देनार न्हाय," म्हणाली. कागदावर महादेवीची सही मात्र कुणी मागितली नाही. बहीण समोरच बसलेली, खरेदीखताला घेऊ की, म्हणत सगळे उठले.

मग शेजारून चौपदरी रस्ता निघाला. एक गोदामवाला मोटार घेऊन आला, दुप्पट भाव बोलून उचल देऊन गेला आणि शिवप्पाची बुद्धी फिरली. बिरुदेव उरलेली रक्कम घेऊन दारात आला की हा आज-उद्या करायचा. शेवटी बिरुदेवानं सोलापूरच्या दिवाणी कोर्टात दावा लावला.

शिवप्पाच्या वकिलानं पळवाट दाखवली. बहिणीची सही नाही ना? मग बहिणीनं सांगायचं, हा करार माझ्या माघारी झाला, मला काहीच ठाऊक नव्हतं.

"अक्का, येवढंच बोलायचं हाय," शिवप्पा म्हणाला. "तू हिस्सा सोडत न्हाईस म्हटलं की करार लटका पडतोय. माझ्यासाठी येवढं कर."

"आन त्या बिरुदेवाचं रे?"

"त्याचा इसार परत देतो की. बुडवतोय व्हय मी?"

मोडलेला कळप काही इसारासोबत परत येणार नव्हता, हे तिला कळत होतं. पण ज्याला कधी नाही म्हटलं नाही, त्याला त्या दिवशीही म्हणता आलं नाही.

साक्षीच्या दिवशी तिनं खरं सांगण्याची शपथ घेतली. समोरच्या बाकावर बिरुदेव मांडीवर पटका ठेवून बसला होता. शेजारी राजाबाई. ती हिला बघून ओळखीचं हसली. महादेवीनं नजर भिंतीकडं वळवली.

बिरुदेवाच्या वकीलबाई वयस्कर होत्या, आवाज मऊ.

"करार झाला तेव्हा तुम्ही गावात होता?"

"न्हाय. सोलापुरात, घरीच."

"बिरुदेवाला कधी जेवायला वाढलंय?"

"न्हाय."

राजाबाईचं हसू मावळलं. महादेवीला ते न बघताही जाणवलं.

"बरं," वकीलबाई म्हणाल्या. "मग त्या दिवशी तुम्ही केलेली हुग्गी पार करपली होती, कुणाच्या घशाखाली उतरली नाही, हेही खोटंच म्हणायचं?"

"करपली कशी?" महादेवी फणकारली. "दोनदा मागून घेतली की त्यानं!"

बोलून गेली आणि मग तिच्या ध्यानात आलं. न्यायाधीशांनी लेखनिकाला सांगितलं, "जसंच्या तसं घ्या." तिनं भावाकडं पाहिलं. शिवप्पानं कपाळाला हात लावला होता.

निकाल बिरुदेवाच्या बाजूनं लागला. शिवप्पाला ठरल्या भावात खरेदीखत करून द्यावं लागलं, तिथं महादेवीनंही सही केली. गोदामवाल्याकडून घेतलेली उचल त्यानं केव्हाच उडवली होती. बिरुदेवाकडून आलेल्या पैशात ती फिटेना, घर गहाण पडलं. त्या वर्षी पंचमीला महादेवीला न्यायला माहेरहून मुराळी आला नाही. तिनं तरी दोन दिवस पिशवी भरून ठेवली होती.

तिला दोन्हीकडून टोचत राहिलं. देवासमोर बसली की वाटायचं, शपथ घेऊन खोटं बोलले. जेवायला बसली की वाटायचं, पोरासारख्या भावाला माझ्या जिभेनं बुडवलं. नवरा म्हणाला, "झालं ते न्यायाचंच झालं." झालंही असेल. पण ते तिनं केलं नव्हतं.

मार्गशीर्षातली वेळा अमावास्या, रानातल्या पूजेचा सण, जवळ आली तसा बिरुदेव पिशवीत शेंगा घेऊन दुकानात आला. "अक्का, येळवस हाय. रानातली पयली पूजा तुमच्या हातची. न्हाय म्हनू नगा."

ती गेली. ज्वारी छातीला लागत होती. कडब्याच्या खोपीत पाच पांडव म्हणून पाच दगड चुन्यानं रंगवून मांडले होते. आंबिल, भज्जी, उंडे, सगळं आणून राजाबाईनं तिच्यापुढं ठेवलं. बिरुदेव आल्यागेल्या प्रत्येकाला सांगत होता, "ह्या आमच्या अक्का. सख्ख्या भावाची भीड पडली, आदी न्हाय म्हनल्या, पन शेवटी त्याच्याच इरोधात, भर कोर्टात खरं बोलल्या. अशी मानसं हायती म्हून पाऊस पडतोय." लोक वाकून नमस्कार करत होते. म्हातारेसुद्धा.

पूजा झाल्यावर राजाबाई ओटी भरायला बसली. महादेवीनं तिचा हात धरला.

"राजाबाई, मी खोटंच बोलाय आले हुते. ते तोंडातनं निसटलं."

राजाबाईच्या ओंजळीतले तांदूळ तसेच राहिले.

"मला ठाव हाय," ती खालच्या आवाजात म्हणाली. "तुमी 'न्हाय' म्हनला, तवाच माझ्या काळजात चर्र झालं हुतं. त्या राती म्या तुमाला लई शिव्या दिल्या, अक्का."

"मग त्यांना सांगते मी. असला मान मला नगो."

"नगा." राजाबाईनं खोपीबाहेर पाहिलं. "कळप मोडल्यापसनं त्यो मानूस रातचा उठून बसायचा. आता कुटं झोपतोय. तुमचं नाव घिऊन झोपतोय. ते मोडू नगा."

तिनं तांदूळ ओटीत टाकले, वर खोबऱ्याची वाटी ठेवली, कुंकू लावलं. डोळ्याला डोळा मात्र दिला नाही.

बाहेरून बिरुदेवाची हाक आली, "अक्का, या की! चारी बांधांला आंबिल तुमीच शिपडायची."

महादेवीनं पदर खोचला. आंबिलीचं मडकं उचललं आणि, लोक वाट करून देत होते त्यांच्यामधून, खाली मान घालून ती बांधाकडं निघाली.