चार मिनिटांसाठी

मित्रांनो, क्षणभर डोळे मिटा आणि बिस्किटाएवढा एक चौकोनी तुकडा मनात आणा. संगणकातली सगळी आकडेमोड तो करतो. तो तुकडा म्हणजे मी. मी एक जुना, स्वस्तातला प्रोसेसर आहे.

कारखान्यात मला तपासले, माझा वेग ठरवला आणि त्या वेगाला पुरेल एवढाच छोटा पंखा डोक्यावर बसवून दिला. पुढे पाच वर्षे मी एका आईसाठी इमारतींची चित्रे तयार केली. "बिचारा कधी कुरकुरत नाही," ती म्हणायची.

मग तिच्या मुलाने, दादाने, माझा वेग वाढवायचे मनावर घेतले.

"चाललंय ना नीट? कशाला उचापती?"

"अगं आई, फुकटात मिळतोय वेग!"

त्याने मला जादा वीज दिली. फार तापलो की आपोआप थांबायची माझी सोयही बंद केली. मग संगणकाच्या पेटीचे झाकण काढून टेबलपंखा माझ्याकडे वळवला. चाळीस मिनिटांचे चित्र छत्तीस मिनिटांत होऊ लागले. एवढीच काय ती कमाई!

त्या घरात एक कडक नियम होता. खोलीत कोणी नसेल तर पंखा बंद. धाकटी टिकली तो इमानेइतबारे पाळायची.

त्या दिवशी एका वाचनालयाचे चित्र दुपारी बारापर्यंत पाठवायचे होते. आईने स्वतःच्या नावावर मिळवलेले ते पहिलेच काम. चित्र तयार करून साठवायला लावून ती चहा टाकायला गेली. टिकली आली. खोली रिकामी, पंखा चालू. तिने बटण दाबले.

मी तापत गेलो. ओरडावेसे वाटले, पण मला तोंड कुठे होते? साठवता साठवताच मी संपलो.

दुरुस्तीवाले काका आले तेव्हा बारा वाजून गेले होते. "ताई, प्रोसेसर जळलाय. फाइलही अर्धवटच राहिलीय. दुसरी प्रत आहे का?"

आईने मान हलवली. नव्हती. वाचनालयाचे काम दुसऱ्या कोणाकडे गेले.

"पंखा कोणी बंद केला?" दादा ओरडला.

"खोलीत कोणीच नव्हतं," टिकली पुटपुटली. "आईच सांगते ना?"



मित्रांनो, चूक तिची नव्हती. नीट चालणाऱ्याला चार मिनिटांसाठी पळवू नका, एवढेच मला सांगायचे होते. तिची चूक नाही, हे मात्र मला तिला सांगता आले नाही.

सगळे बाहेर गेल्यावर टिकली परत आली. तिने पंखा लावला, माझ्याकडे वळवला, आणि मी गार व्हावे म्हणून घामाघूम होत समोर बसून राहिली.