नागोरावाचा पठ्ठा

आखाड्याभोवतीच्या चुन्याच्या रेघेत पाय टाकण्याआधी पैलवानानं आपल्या उस्तादाचं नाव सांगायचं, ते भोंग्यातून पुकारलं जायचं आणि मगच कुस्ती लागायची. उमरखेड-पुसदकडच्या दंगलींची ही रीत. ज्याला उस्ताद नाही, त्यानं घरी बसून खुशाल जोर काढावेत! भीमराजच्या गावात आखाडा एकच, बापूजींचा, आणि भीमराजच्या वस्तीतलं माणूस त्याच्या दारातून आत गेल्याचं कोणालाच आठवत नव्हतं. तरी हा गडी दर हंगामात लंगोट पिशवीत टाकून एसटीनं पुसदला जाई, वणीला जाई, आणि उस्तादाचं नाव विचारलं की छाती काढून सांगे, "नागोराव. मी नागोरावाचा पठ्ठा."

तिकडे कोणाला ठाऊक नागोराव कोण? पुकारणारे पुकारून मोकळे होत. लोकांना वाटे, असेल कोणी भरघोस मिशांचा जुना उस्ताद. भीमराज एकटाच फिरत कुस्त्या मारत सुटला आणि त्याच्यासोबत त्या न पाहिलेल्या नागोरावाचंही नाव झालं.

नागोराव हा भीमराजचा बाप. त्यानं जन्मात एक कुस्ती खेळली नव्हती. तो दंगलीत डफडं वाजवायचा. उमेदीची सगळी वर्षं त्यानं चुन्याच्या रेघेबाहेर उभं राहून घालवली. रेघ ओलांडायची त्याला मुभा नव्हती, पण डोळ्यांना कोण अडवणार? पैलवान दबला की डफडं हळू, उठायला लागला की जलद. त्यासाठी वाजवणाऱ्याला डाव आधीच ओळखावा लागतो. नागोराव ओळखत गेला आणि मनात साठवत गेला.

छप्पन साली तो नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला. आल्यावर पहिलं काम काय केलं, तर डफड्याचं कातडं टराटरा फाडलं. लाकडी कडं तेवढं उरलं. त्याच्यावर भीमराजच्या आईनं, इंदूबाईनं, पाण्याचा माठ ठेवला. गाव खवळलं. त्या हंगामात वस्तीतल्या एकालाही कोणी कापूस वेचायला बोलावलं नाही. नागोरावानं त्या रिकामपणात पोराला पैनगंगेच्या वाळूत नेलं आणि साठवलेला एकेक डाव बाहेर काढू लागला. शिकवताना वाजवणं सोडाच, साधी टाळी वाजवायचीही बंदी होती.

त्रेसष्ट साली शिवरातीची जत्रा जवळ आली आणि बापूजींचा निरोप आला. भीमराज त्यांच्या ओट्यापाशी जाऊन उभा राहिला. बस म्हणण्याची तिथे पद्धत नव्हतीच.

"भीमराज, औंदा पुसदचा घनश्याम येऊन राह्यला," बापूजी म्हणाले. "त्याच्या जोडीले तुले लावतो. लोकं तुह्यं नाव घेऊन राह्यले, आता गावचा पैलवान गावात नको दिसाले?"

"खेळतो, बापूजी."

"पण पुकारा माह्या आखाड्याचा होईन. अन् तुह्या बापाले सांग, डफडं घेऊन ये म्हणा. त्याच्या हाताबिगर दंगल सुनी वाटते."

"पुकारा नागोरावाचा होईन," भीमराज म्हणाला.

ओट्यावरची चार माणसं खो खो हसली. "डफडेवाला उस्ताद कधी झाला बे?" एकानं विचारलं. बापूजी मात्र हसले नाहीत. तो माणूस बेरकी होता.

"बरं," ते म्हणाले. "जिंकला तं बापाचं नाव पुकारू. हारला तं तुह्या बापानं दरसाली येऊन वाजवावं. देतो जबान?"

"देली!"

शब्द तोंडातून गेला आणि मग भीमराजला कळलं की आपण काय गहाण टाकून बसलो.

नागोराव दारात दोर वळत होता. सगळं ऐकून त्यानं दोर खाली ठेवला. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो अगदी हळू बोलला. "हात माहे. त्यायचा सौदा तू कायले केला?"

"बा, रागात निघून गेलं तोंडातून."

"तुह्या रागाले माहेच हात सापडले? आयक. तू हारला तं तुही जबान जाईन. पण मी वाजवणार नाही. मेलो तरी नाही."

आतून इंदूबाई कडाडली, "कडं माह्या माठाखाली हाय. ज्याची माय व्याली असंन त्यानं माठ उचलून दाखवावा!"

भीमराज मान खाली घालून बसून राहिला. बापाला न विचारता बापाचे हात वापरायचे, हेच तर गावानं आजवर केलं होतं. आणि आज त्यानंही तेच केलं. घनश्यामच्या नावानं त्याला कधी भीती वाटली नव्हती, ती या विचारानं वाटली. नागोराव उठला.

"चाल वाळूत," तो म्हणाला. "बसून कोणी जिंकत नाही."

दंगलीचा दिवस उजाडला. नदीकाठी माणूस मावत नव्हतं, झाडांवरही पोरं चढलेली. वस्तीतून वाजवायला कोणी जाईना, म्हणून बापूजींनी उमरखेडहून लग्नातला बँड आणला होता. लाल कोट, पितळी बटणं. आखाड्यात गडी एकमेकांची मान धरून उभे आणि बाजूला वरातीचं गाणं चाललेलं! म्हातारे कपाळाला हात लावत होते. नागोराव रेघेबाहेर उभा होता. जागा नेहमीचीच, आज हात मोकळे होते.

पुकारा करायला सदाशिवराव होते. गावातला हा मवाळ माणूस, बापूजींच्या तोंडाकडे पाहून बोलणारा. त्यांनी पत्र्याच्या भोंग्यातून घनश्यामचं, त्याच्या उस्तादाचं नाव पुकारलं, आणि भीमराजचं नुसतंच नाव घेतलं. ठरलं होतं तसंच, बापाचं नाव जिंकल्यावर.

कुस्ती लागली. घनश्याम अंगानं दीडपट होता आणि पहिल्याच झटक्यात त्यानं भीमराजला खाली घेतलं. मानेवर गुडघा रोवला. तोंडात माती गेली. बँड जोरात वाजत होता आणि वाजण्यासोबत घनश्यामचा जोर वाढत होता. भीमराजला डोळ्यांसमोर बापाचे हात दिसले, दोर वळणारे. दरसाल, या रेघेबाहेर, मरेपर्यंत. नाही! त्यानं दात आवळले आणि कोपर मातीत रोवून धरला.

कुस्ती अशी रंगली की क्लॅरिनेटवाल्याला फुंकायचं भानच राहिलं नाही. ढोलवाला टाचा उंचावून पाहू लागला. बँड थांबला. त्या एवढ्या गर्दीतही एकदम शांत झालं, आणि घनश्याम घोटाळला. पकड होती, पण पुढचा जोर येईना. भीमराजला ही शांतता घरची होती. इतकी वर्षं तो हीच ऐकत वाळूत लोळला होता. तो बगलेतून निसटला, उठला, त्यानं घनश्यामचा हात खांद्यावर ओढून घेतला आणि धोबीपछाड मारली. घनश्यामचे दोन्ही खांदे मातीला लागले तेव्हा लोकांना ओरडायलाही क्षणभर उशीर झाला.

मग काय विचारता! पागोटी उडाली. सदाशिवरावांनी बापूजींकडे पाहिलं, बापूजींनी मान हलवली, आणि भोंग्यातून आवाज आला, "बापूजींच्या आखाड्याचा भीमराज विजयी!"

फेटा बांधायला दोघं पुढे आले. भीमराजनं डोकं पुढे केलं नाही. तो आखाड्याच्या मधोमध मांडी घालून बसला.

"ऊठ बे. मोठ्या जोडीची कुस्ती बाकी हाय," बापूजी रेघेवर येऊन म्हणाले.

"जबान बाकी हाय, बापूजी. ते आधी."

"फेटा घे अन् चूप घरी जाय."

"फेट्यानं माह्यं डोकं झाकंन, तुमची जबान झाकणार नाही. पुकारा."

लोकांत कुजबुज सुरू झाली. वणीहून आलेला कोणी तरी ओरडला, "अरे, हा तं नागोरावाचा पठ्ठा! आमच्याकडे असाच पुकारते!" बापूजींचा चेहरा लाल झाला. "डफडेवाल्याले मी या मातीत उस्ताद म्हणणार नाही," ते म्हणाले. भीमराज मातीवर दोन्ही पंजे टेकून बसून राहिला. त्याला उचलायला कोणी पुढे येईना, कारण उचलायचं म्हणजे त्याच्याशी कुस्ती लावायची.

तेवढ्यात घनश्याम अंगावरची माती झटकत भीमराजपाशी आला. हरलेल्यानं जिंकणाऱ्याच्या उस्तादाला हात जोडायचे, ही पण दंगलीचीच रीत. "कुठी हाय तुहा उस्ताद?" त्यानं विचारलं. भीमराजनं बोट दाखवलं. घनश्याम सरळ रेघेपाशी गेला आणि हात जोडून म्हणाला, "उस्ताद, माह्यं काय चुकलं?"

नागोरावानं रेघेकडे पाहिलं. मग वहाणा काढून बाहेर ठेवल्या, जसा कुठलाही उस्ताद ठेवतो, आणि आत आला. कोणी अडवलं नाही. बापूजींनीही नाही.

"तुह्यं काही चुकलं नाही, बापा," नागोराव म्हणाला. "तुमच्या आखाड्यात वाजंत्रीवर मेहनत करते. वाजलं तं आंग उठते, थांबलं तं आंगही थांबते. तुमच्यासारख्यायले म्याच उठवलं इतके वर्ष, या रेघीबाहेरून. माह्या पोराले म्या मुक्यानं शिकवलं."

मग तो भीमराजकडे वळला. शाबासकीची थाप पडेल म्हणून लोक पाहत होते.

"अन् तू," तो गरजला, "डावा पाय मांगं ठेवाले कोणी सांगतलं तुले? तेवढ्यानंच खाली गेला ना पहिल्यांदा? उद्या पाहाटी वाळूत!"

भीमराज ताडकन उठून उभा राहिला. "हो, उस्ताद."

सारा आखाडा हसला, अगदी मनापासून हसला. त्या हसण्यात सदाशिवरावांनी भोंगा तोंडाला लावला. या वेळी त्यांनी बापूजींकडे पाहिलं नाही.

"भीमराज विजयी! पठ्ठा नागोरावाचा!"

फेटा आला. भीमराजनं तो बापाच्या डोक्याला बांधायला घेतला, तसा नागोरावानं त्याचा हात धरला आणि त्याच्या कानाशी म्हणाला, "थांब. हे हात कोणाचे?"

"तुमचे, बा."

"मंग मीच बांधतो," नागोराव म्हणाला, आणि आखाड्याच्या मधोमध उभं राहून, घाई न करता, त्यानं पोराला फेटा बांधला.