रिकाम्या गादीचे माप

मी एक जुनी पोलादी मोजपट्टी आहे. लांबी तीन मीटर, रुंदी तेरा मिलिमीटर, वय एकोणतीस वर्षे. दुसऱ्यांची मापे घेणाऱ्याने आधी स्वतःची सांगावीत, म्हणून सांगून टाकली. सध्या माझा मुक्काम एका करड्या रंगाच्या मोटारीत, डाव्या बाजूच्या छोट्या कप्प्यात आहे. तिथे मी कशी आले, ते सांगते.

मित्रांनो, मी जन्मले तेव्हा पोलादाची एक पातळ फीत होते. तिला पन्हळीसारखा किंचित वाक दिला. त्या वाकामुळेच बाहेर ओढल्यावर मी हवेत सरळ उभी राहू शकते. मग पिवळा रंग चढला, काळे आकडे उमटले आणि टोकाला एक आकडी बसली. ही आकडी थोडी ढिली असते. हात लावून बघा, ती मागेपुढे हलते. लोकांना तो दोष वाटतो, पण ती बरोबर स्वतःच्या जाडीइतकीच हलते. त्यामुळे कडेला अडकवून मोजा की भिंतीला टेकवून मोजा, माप तेच येते. हे ज्याने शोधले त्याला मी मनातल्या मनात रोज नमस्कार करते.

रायपूरच्या गुढ़ियारी भागातल्या एका लोखंडी सामानाच्या दुकानातून मला यशवंतरावांनी घेतले. ते रेल्वेत रुळांचे निरीक्षक होते. त्यांच्या खात्याची मापयंत्रे वेगळी आणि भारी होती. मी त्यांच्या सदऱ्याच्या खिशातली, किरकोळ कामांची. पण खिशातून मी त्यांचे काम रोज पाहिले आणि अजून त्याची आठवण झाली की माझी फीत ताठ होते. ते रुळावर गाल टेकवून लांबवर बघत आणि दोन-तीन मिलिमीटरचा वाक नुसत्या डोळ्याने सांगत. पण तेवढ्यावर सही करत नसत. एखादी मालगाडी यायची वाट बघत आणि ती वरून जाताना रूळ किती दबतो ते बाजूला उकिडवे बसून पाहत. घरी आल्यावर सुशीलाबाईंना सांगत, "रिकामा रूळ सगळ्यांशी गोड बोलते. वजन पडलं का मंग खरं बोलते."

सुशीलाबाई म्हणजे त्यांच्या पत्नी, माहेर भंडाऱ्याचे. हे वाक्य त्यांनी इतक्यांदा ऐकले होते की पोळ्या लाटता लाटता त्या ते पुरे करत.

चौबे कॉलोनीतले त्यांचे घर बांधताना दारांच्या चौकटी मीच मोजल्या. एका सुताराने माझी आकडी ढिली बघून हातोडी उचलली होती. यशवंतरावांनी वरच्या वर त्याचा हात धरला आणि त्याला ढिलेपणाचे कारण समजावले. त्या दिवसाइतका मान मला पुन्हा कधी मिळाला नाही. पुढे नवे राज्य झाले, रायपूरला राजधानी आली. भाड्याच्या बंगल्यांत रातोरात कार्यालये उभी राहिली आणि यशवंतरावांचा मुलगा रत्नाकर याला त्यातल्याच एकात नोकरी लागली. पहिल्या आठवड्यात तिथे मेजे कशी मांडायची हेच ठरत नव्हते, तेव्हा तो मला डब्याच्या पिशवीतून घेऊन गेला होता. त्याची मुलगी संपदा आणि हे राज्य जवळजवळ बरोबरीचे. स्वयंपाकघराच्या चौकटीवर तिच्या उंचीच्या सतरा रेघा आहेत, त्या सगळ्या माझ्या साक्षीने ओढलेल्या.

अठरावी रेघ ओढायला कोणी मला शोधले नाही. घरात लाल प्रकाशाचा ठिपका टाकून अंतर सांगणारे यंत्र आले होते. मी वापरून संपलेल्या सेलांच्या आणि रबरबँडच्या खणात गेले. माझ्यावर दोन ठिकाणी तांबूस डाग पडले. मी रुसले नाही, पण कंटाळले खरी.

त्याच सुमारास सुशीलाबाई अंगणात घसरून पडल्या. गुडघ्यात धातूची पट्टी बसवली. पाय बरा झाला, पण काटकोनापलीकडे वाकेना. एका लग्नात त्यांना कोणाच्या तरी छोट्या मोटारीतून उतरता येईना, तेव्हा दोघांनी काखेत हात घालून त्यांना उचलले. सगळी वरात बघत होती. घरी येऊन त्या म्हणाल्या, "मी काय गव्हाचं पोतं हावो? ज्या गाडीतून मले सोताहून उठता येत नाही, त्या गाडीत मी बसत नाही." आणि खरोखरच बसल्या नाहीत. रेल्वेच्या डब्याची पायरी तर त्याहून अवघड.

यात अडले ते भंडारा. तिथे त्यांच्या माहेरी भाद्रपदात महालक्ष्म्या बसतात, मोठी आणि धाकटी, दोघी बहिणी. त्या घरात मोठीला लुगडे मोठ्या मुलीने नेसवायचे आणि धाकटीला धाकट्या मुलीने, असा नेम. मोठी मुलगी सुशीलाबाई, धाकटी गोदूबाई. तीन वर्षे गोदूबाई एकट्याच दोघींना नेसवत होत्या. तिसऱ्या वर्षी त्यांनी फोनवर सांगितले, "अक्का, मोठीच्या निऱ्या माह्यानं जमत नाही वो. तिरप्याच होतात." फोन ठेवून सुशीलाबाईंनी पलंगाखालची लुगड्यांची पत्र्याची ट्रंक उघडली, जुनी जरीची लुगडी काढली आणि घडी मोडून पुन्हा घातली.

रत्नाकरला तसेही कुटुंबासाठी गाडी घ्यायची होती. त्याने ठरवले की या महालक्ष्म्यांच्या आधीच घ्यायची. उंच गाडीत चढायला पाय जास्त वाकवावा लागतो, म्हणून ती बाद. छोट्या गाडीत पाय लांबवता येत नाही आणि ट्रंकही मावत नाही. राहिली मधल्या आकाराची सेडान. तशा तीन गाड्या त्याने निवडल्या आणि माहितीपत्रके आणली. संपदा तेव्हा भौतिकशास्त्र शिकत होती. तिने मोठा तक्ता आखला. इंजिनाची ताकद, लिटरला किती किलोमीटर, डिकी किती लिटरची, हवेच्या पिशव्या किती, सगळे भरले. मग पेन खाली ठेवले आणि म्हणाली, "दादाजी, आजी के काम की चीज़ तो इसमें लिखी ही नहीं है." जमिनीपासून बैठकीची उंची कोणत्याच माहितीपत्रकात नव्हती. डिकीचे लिटर होते, पण तिच्या तोंडाची रुंदी नव्हती. यशवंतराव हसून म्हणाले की लिटरमध्ये पाणी मोजतात, तुझ्या आजीची ट्रंक काही ओतता येत नाही.

लाल ठिपक्याचे यंत्र गादीवर कामाचे नव्हते. ठिपका कुठे पडतो तेच कळत नव्हते. खण उघडला गेला. संपदाने मला पुसले, शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब दिला आणि ओढले. मी अडखळले, पण आले.

तिची पद्धत मला फार आवडली. आधी आजीला किती उंची लागते ते शोधायचे. सोफा एक्केचाळीस सेंटिमीटर, त्यावरून सुशीलाबाईंना उठता येईना. जेवणाची खुर्ची सत्तेचाळीस, तिच्यावरून सहज उठल्या. मग सोफ्याऐवजी एका लाकडी पेटीवर सतरंजीची एकेक घडी चढवत त्यांना बसवले. पंचेचाळीसला हाताचा टेका लागला, सेहेचाळीसला लागला नाही. सुशीलाबाई चौदा वेळा उठल्या आणि बसल्या. शेवटी म्हणाल्या की परीक्षा संपली असेल तर चहा ठेवते. संपदाने तक्त्यात लाल शाईने लिहिले, "कमीत कमी ४६".

शनिवारी आम्ही मोटारींची दोन दुकाने फिरलो. सुशीलाबाई आल्या नाहीत. लोकांसमोर उठाबशा काढायच्या नाहीत, असे त्यांनी सांगितले. मित्रांनो, पोलाद पोलादाला ओळखते. त्या मोटारी बघून मला आपल्या मोठ्या घरी गेल्यासारखे वाटले. माझ्याच अंगातला वाक त्यांच्या दारांना दिला होता, पत्रा पातळ असून ताठ राहावा म्हणून. पांढऱ्या गाडीचे दार इतक्या मऊ आवाजात लागले की यशवंतरावांनी ते तीनदा लावून पाहिले. लाल गाडीची बैठक तर लोण्यासारखी. करडी दिसायला साधी, पण तिची एकही फट कमीजास्त नव्हती. मी स्वतः मोजली.

पांढरी पहिल्या दुकानात होती, दुसऱ्यात करडी आणि लाल अशा दोन्ही होत्या. तिथे शर्मिष्ठा नावाची विक्रेती होती. आधी ती गालात हसली आणि म्हणाली, "सर, लोग गाना बजाकर देखते हैं. टेप लेकर आप पहले आए हैं." पण पाच मिनिटांत ती फरशीवर गुडघे टेकून माझी आकडी धरून बसली होती आणि आकडा चुकू नये म्हणून संपदाला दोनदा वाचायला लावत होती.

पांढरीची बैठक एक्कावन्न, पण डिकीचे तोंड शहाऐंशी आणि ट्रंक एक्क्याण्णव. ती गेली. लाल एकोणपन्नास, करडी अठ्ठेचाळीस, दोन्हींच्या डिकीत ट्रंक जात होती. लाल एका सेंटिमीटरने पुढे होती आणि मऊही होती. ठरले. उद्या सकाळी रत्नाकर नोंदणी करणार होता. माझी छाती फुगली होती. इतक्या वर्षांनी माझ्या शब्दावर घराने निर्णय घेतला होता.

घरी आल्यावर संपदाने आजीला सगळे आकडे वाचून दाखवले. सुशीलाबाई मेथी निवडत होत्या. त्यांनी मान वर न करता विचारले, "मोजताना गादीवर कोनी बसलं होतं काय?"

रत्नाकरने वडिलांकडे पाहिले. यशवंतराव चष्मा पुसू लागले.

"अठ्ठेचाळीस वर्षं मले रुळाचं सांगून राहिले," सुशीलाबाई म्हणाल्या, "अन् सोता रिकामी गादी मोजून आले."

यशवंतरावांनी चष्मा घातला. हळूच म्हणाले, "बरोबर हाये तुह्यं. मले लाज वाटून राहिली." मग संपदाकडे वळून, "बाई, लाल शाईतला सेहेचाळीस तसाच राहू दे. उद्या पुन्हा जाऊ."

मित्रांनो, मला त्या संध्याकाळी फार वाईट वाटले. मी खोटे बोलले नव्हते. एकोणपन्नास म्हणजे एकोणपन्नासच होते. पण मला विचारले गेले ते रिकाम्या गादीबद्दल, आणि मी तेवढेच सांगितले. मोजपट्टीला प्रश्न निवडता येत नाही. तो माणसाने निवडावा लागतो.

दुसऱ्या दिवशी सुशीलाबाई स्वतः आल्या, काठी घेऊन. पण आकडा कळेपर्यंत गाडीत बसणार नाही, हे त्यांचे कायम होते. म्हणून यशवंतराव आधी बसले. दोघांचे वजन सारखेच आहे, असे ते म्हणाले. सुशीलाबाईंनी शर्मिष्ठाला सांगितले की दोन किलो कमी लिहा. शर्मिष्ठाने हसत हसत माझी आकडी फरशीला टेकवली आणि संपदाने मांडीला लागून असलेली गादीची कड पाहिली.

लाल गाडी. गादी दबली आणि तिच्याबरोबर स्प्रिंगांवर गाडीही जराशी खाली आली. त्रेचाळीस. मला स्वतःला तो आकडा दाखवायला नको वाटत होते. पण दाखवला.

करडी गाडी. तिची गादी कडक, काल सगळ्यांनी नाक मुरडलेली. संपदा वाकून वाचत होती, मग आणखी वाकली. सेहेचाळीस. ना वर, ना खाली.

सुशीलाबाईंनी काठी शर्मिष्ठाकडे दिली. आधी बसल्या, मग दोन्ही पाय एकत्र आत घेतले. दार लावले गेले. काचेतून त्या समोर बघत राहिल्या. मग दार उघडले, पाय बाहेर आले. यशवंतरावांचा हात पुढे गेला आणि अर्ध्यातूनच मागे आला. तो त्यांनी खिशात घातला, जिथे मोजून झाल्यावर मी परत आले होते, आणि माझी डबी घट्ट धरली. सुशीलाबाईंनी चौकटीला हात लावला नाही. थोड्या पुढे झुकल्या, आणि उभ्या राहिल्या.

"हेच घे," त्या रत्नाकरला म्हणाल्या. "रंग मले आवडला नाही, पन घे."

नंतर कळले की शर्मिष्ठाने आपल्या वहीत प्रत्येक गाडीपुढे एक नवा रकाना आखला आहे. त्यावर लिहिले आहे, "बैठने के बाद". गुडघ्याचे दुखणे असलेले कोणी आले की ती आधी मोजपट्टी काढते. ती पट्टी माझी नात्यातली कोणीतरी असावी.

महालक्ष्म्यांच्या आदल्या दिवशी आम्ही भंडाऱ्याला पोचलो. ट्रंक डिकीत, मी कप्प्यात. गोदूबाई फाटकातून हात पुढे करूनच धावत आल्या. सुशीलाबाईंनी दार उघडले आणि म्हणाल्या, "हात नको लावू. फक्त पाह्य." गोदूबाई दोन पावलांवर थांबल्या आणि पदर तोंडाशी धरून बघत राहिल्या.

मोठीच्या निऱ्या घालताना संपदाने मला काढले. तिला वाटले मदत होईल. सुशीलाबाईंनी मला बाजूला ठेवले आणि आपल्या वितीने मोजू लागल्या, एकेक निरी, त्याच रुंदीची. गोदूबाईंची वीत बोटभर लहान, म्हणून तीन वर्षे जमले नव्हते. मी चौरंगाजवळ पडून नुसती बघत होते. निऱ्या सरळ पडल्या.

मित्रांनो, घरातल्या खणात माझ्यासारखी एखादी मोजपट्टी असेलच. तिला कोरड्या कापडाने पुसा, वर्षातून तेलाचा एक थेंब द्या, तिच्या ढिल्या आकडीवर हातोडी चालवू नका. आणि कोणासाठी काही मोजायला निघालात तर नुसते मला घेऊन जाऊ नका. ज्याच्यासाठी मोजायचे आहे, त्या माणसाला आधी तिथे बसवा. मग मी सांगते ते खरे.