मला शिव्या देणारा

माझी धाकटी मुलगी लिटियाना लग्न करून सुवाला गेली, त्याच वर्षी टॉर्बन आमच्या बेटावर आला. त्याआधी दोनेक महिने माझा मामेभाऊ आपेनिसा गेला होता.

आम्हा फिजी लोकांत आतेभाऊ-मामेभाऊ हेच मेव्हणे. थट्टा करायची, शिव्या द्यायच्या, ताटातला मासा पळवायचा, हा हक्क फक्त त्यांचा. सख्ख्या भावाशीसुद्धा आम्ही जपून बोलतो. आपेनिसा माझा शेवटचा मेव्हणा. तो गेला आणि गावात माझी टिंगल करू शकेल असं कुणी उरलं नाही. मी दिसलो की पोरं वाकून जायची, बायका आवाज खाली करायच्या. काहीही बोललो तरी उत्तर एकच, "हो, आजोबा." बायको कधीच गेलेली. मान भरपूर मिळायचा, पण गप्पांना कुणी नव्हतं.

टॉर्बन डेन्मार्कचा, साठीचा. शिडाच्या बोटीतून एकटाच सुट्टीला हिंडत होता. रीतीप्रमाणे त्याने यांगोनाच्या, म्हणजे आमचं पेय करायच्या मुळ्यांची जुडी पुढे ठेवली. गावातर्फे ती घ्यायचं काम माझं. पाहुण्याला आम्ही नात्यावाचून ठेवत नाही. मी सांगून टाकलं, "आजपासून हा माझा मेव्हणा."

आणि लगेच सुरुवात केली. "मेव्हण्या, तुझ्या बोटीला डुकराच्या खोपट्याचा वास येतो रे!"

तो म्हणाला, "माफ करा." दुसऱ्या दिवशी सकाळपासून बोट घासत बसला.

"घासतोस काय? उलट बोल!" मी किनाऱ्यावरून ओरडलो.

"मी तुमचा आदर करतो, साहेब."

"आदर गावभर मिळतो. त्यातच कुजलोय मी."

त्याने प्रयत्न केला बिचाऱ्याने. एकदा धीर करून म्हणाला, "तुमचा... शर्ट जुना झालाय."

"याहून तिखट तर आमचा पाद्री बोलतो!"

त्याच्या बोटीतून आम्ही पलीकडच्या ओसाड बेटांवर मासे धरायला जायचो. त्याची बायको वारली होती. मुलांबद्दल विचारलं तर म्हणाला, "नाताळला फोन करतात. फार चांगलं बोलतात."

एके सकाळी त्याच्या बोटीत चढताना माझा पाय सटकला आणि मी उलटा पाण्यात. किनाऱ्यावरची पोरं घाबरून, मान खाली घालूनच धावली. टॉर्बनने वरून पाहिलं.

"अरे म्हाताऱ्या! मासे धरायला निघालोय, त्यांना पळवून लावायला नाही! आधी पाय चढवायचे की ढुंगण, हे या वयात शिकवू तुला?"

मी इतका हसलो की नाकातोंडात पाणी गेलं. "खाली ये टकल्या, दाखवतो!"

त्याने कपड्यांसकट उडी मारली. किनाऱ्यावर गाव हसत होतं. मेव्हण्याने तोंड उघडलं की बाकीच्यांना हसायची मुभा असते.

मग आमच्या शिव्यांना खळ नव्हता. वादळांचे महिने जवळ आले तसा तो निघाला. म्हणाला, "पुढच्या सुट्टीत येतो. तोवर मरू नकोस, कासवा. अजून पुष्कळ बोलायचंय."

"आधी पोहायला शीक, मग ये."

पुढच्या वर्षी पाहुण्यांच्या बोटी पुन्हा आल्या. त्यातल्या एका बाईची त्याच्याशी ओळख होती. बातमी तिनेच सांगितली. पोरांनी माझ्यासाठी चटई अंथरली आणि वाकून मागे सरली. मी समुद्राकडे तोंड करून मला येत होत्या तेवढ्या सगळ्या शिव्या त्याला दिल्या. मग उत्तराची वाट पाहिली.

टॉर्बन त्याच्या गावी, ओडेन्सला, त्या फेब्रुवारीत झोपेत वारला.