लीलाबाईंना निघालेली नागीण

“आत्या, हलू नका वो. तोंडाला शेपूट मिळंल तिचं,” असं म्हणत सुप्रियानं गेरूत बोट बुडवलं आणि सासूच्या पाठीवरच्या फोडांवर तिसऱ्या दिवशीचा लेप ओढला. नागिणीनं कमरेला पुरता वेढा घातला की माणूस खलास, हे कोऱ्हाळ्यातलं शेंबडं पोरही सांगेल. गेरू कन्हेरीच्या गेणूतात्यांनी मंतरून दिलेला. सुप्रियाला तिसरा महिना लागलेला.

लीलाबाई दुखण्यापेक्षा रागानंच जास्त बेजार होत्या. गावात कुणाच्या पोराला कांजण्या आल्या की पहिलं बोलावणं त्यांना. स्वतःला लहानपणी येऊन गेलेल्या, परत यायच्या नाहीत, म्हणून त्या बिनघोर उशाशी बसायच्या, लिंबाच्या डहाळीनं वारा घालायच्या. इमामच्या दोन्ही पोरी, पाटलांचा नातू, कुणाचं घर म्हणून सोडलं नव्हतं. आणि आता त्यांच्याच अंगाला ही पीडा लागली.

चौथ्या दिवशी त्यांच्या मुलानं, ऋषिराजनं, कुणाचं न ऐकता दोघींना गाडीत घालून बारामतीला नेलं.

डॉक्टरीणबाईंनी पाठ पाहिली. “आजी, या तुमच्या लहानपणच्या कांजण्याच आहेत.”

“त्या गेल्या की साठ वर्सामागं.”

“गेल्या नव्हत्या. नसेच्या मुळाशी गप पडून होत्या. शरीर त्यांना ओळखून होतं, डोकं वर काढू देत नव्हतं. आता वय झालं, पहारा ढिला पडला.”

लीलाबाईंना काही केल्या उमगेना. येऊन गेल्या म्हणायचं आणि गेल्याच नाहीत म्हणायचं, हा कुठला न्याय? साठ वर्षं चोराला घरात निजवून आपण गावची राखण करत हिंडलो की काय, असं त्यांना वाटलं.

एवढ्यात बाईंना सुप्रियाची तांबडी बोटं दिसली. “लेप तुम्ही लावत होता? तुम्हाला कांजण्या येऊन गेल्यात का? या फोडांच्या पाण्यातून नवख्या माणसाला कांजण्या होतात. दिवस गेलेल्या बाईला झाल्या तर बाळाला धोका असतो.”

सुप्रियाला काय ठाऊक? ती चार वर्षांची असतानाच तिची आई गेली. इंदापूरला वडिलांना फोन लावला. “मी कारखान्यावं असायचो गं. तुज्या आईलाच ठावं,” ते म्हणाले.

“रक्तात कळेल,” बाई म्हणाल्या. “एकदा येऊन गेल्या असतील तर रक्त विसरत नाही.”

रक्त पुण्याला गेलं. लीलाबाईंनी आपलं अंथरूण, ताट, तांब्या गोठ्याशेजारच्या खोलीत हलवलं. जगाच्या पोरांजवळ बसले आणि सुनेच्या पोटातल्याला मीच बाधले तर तोंड कुठं लपवू, या एकाच विचारानं त्यांना घास उतरत नव्हता. सुप्रिया दारापाशी आली तरी त्या लांबूनच हाकलायच्या.

तिसऱ्या दिवशी ऋषिराज मोबाईल घेऊन अंगणातनंच म्हणाला, “आई, सुप्रियाला लहानपणी येऊन गेल्यात. बाळाला काय व्हत न्हाय.”

लीलाबाईंनी तोंडाला पदर लावला आणि मनसोक्त रडून घेतलं.

सुप्रिया मात्र गोंधळून उंबऱ्याबाहेर उभी. “आत्या, माज्या अंगाला ठावं, आन मला न्हाय. कवा आल्या असत्याल?”

“आई हुती तवाच. मागनं आल्या असत्या तर बापाला कळलं असतं.” लीलाबाईंनी डोळे पुसले. “उजेडाकडं तोंड कर जरा.”

कपाळ, नाक, दोन्ही गाल त्यांनी लांबूनच सावकाश न्याहाळले.

“एक बी वण न्हाय. एवढं पोर खाजवल्याबिगार ऱ्हात न्हाय. आठ-धा दिस तुजं हात धरून बसली आसंल ती.”

सुप्रियाला आईचा चेहराही आठवत नव्हता. तिनं हळूच आपला गाल चाचपून पाहिला, आणि किती तरी वेळ हात तिथंच राहू दिला.