घोड्याचे मागचे पाय

घोड्याचं पोट उलटं करून आईने मागच्या शिवणीला आणखी एक चेन बसवायला घेतली. बालनाट्य संस्थेचे सगळे कपडे तीच शिवून देत असे. दोन वर्षं नाट्यवर्गाला जाऊन तिच्या मुलीला यंदा पहिल्यांदा भूमिका मिळाली होती. घोड्याचे मागचे पाय.

“सरांनी पुढचीच चेन सांगितलीये,” मुलगी म्हणाली.

“सरांचं काय जातंय सांगायला! पुढचा पोरगा मान काढून टाळ्या घेणार आणि तू आत वाकून घाम गाळणार? शेवटी तूही बाहेर यायचंस. मी उभी राहून अशी हाक मारते बघ, ‘चिंगेऽऽ!’”

“आई, हाक नको मारूस.”

“बरं बाई, शिट्टी मारते.”

मुलगी हसली नाही. सुईदोऱ्याच्या डब्याचं झाकण उघडत-मिटत राहिली.

“मागच्या रांगेत बसशील?”

“मागून काय दिसणार मला? मागचे पाय?” आईला स्वतःच्याच विनोदाचं हसू आवरेना.

प्रयोगाला ती पहिल्या रांगेत बसली. घोडा झकास दुडकला. मागचे पाय एकदाही अडखळले नाहीत. शेवटी सगळी मुलं ओळीने उभी राहिली, घोड्याची मान सुटली आणि आतून लालबुंद चेहऱ्याचा मुलगा निघाला. टाळ्या पडल्या. मागचा अर्धा घोडा तसाच ओणवा उभा होता. आई अर्धवट उठली होती. हाक ओठांवरच राहिली आणि पडदा पडला.

रंगपटात शिरताच तिने सरांना गाठलं.

“माझ्या मुलीला दोन मिनिटं बाहेर येऊ दिलं असतं, तर काय बिघडलं असतं तुमचं?”

“मी कुठे अडवलं, ताई? उलट मागची चेन बघून मीच म्हटलं, छान झालं, दोघंही बाहेर या.” सर खरोखरच गोंधळले होते. “अडकली असेल.”

तिने बसवलेली चेन, आणि अडकेल?

घोडा खुर्चीवर पडला होता. तिने मागची शिवण उजेडात धरली. मिटलेल्या चेनवरून कापडाच्या दोन्ही कडा बारीक टाक्यांनी जोडून टाकल्या होत्या. टाके उलट्या बाजूला कलणारे. मुलगी डावखुरी होती. तिला हा टाका शिकवायचा म्हणून आई आधी स्वतः डाव्या हाताने शिकली होती.

आरशापाशी एक पाहुणी मुलीचं कौतुक करत होती.

“अगं, मागे तू होतीस? आणि घोडा कुणी शिवला गं? किती सुंदर!”

“भाड्याने आणलाय,” मुलगी म्हणाली.

आईने मान वर केली नाही. दुपारी दुसरा प्रयोग होता. एक टाका सैल पडला होता. तिने गळ्याशी टोचून ठेवलेली सुई काढली, दोरा ओवला आणि तो पक्का केला.